इंजिन पोरिरुआला, गाडी पुकेकोहेला

पुकेकोहे
९ जून १९९६

प्रिय जगदीश,

सप्रेम आणि सक्तीचा नमस्कार.

सक्तीचा अशासाठी, की आजपासून तुझ्याशी गाडीबद्दल फोनवर बोलायला मला बंदी आहे. लांबच्या फोनचं, म्हणजे टोलचं, बिल आलं. श्यामलाने ते फ्रिजवर चिकटवलं आणि फतवा काढला, की माणसांची खुशाली फोनवर विचारायची आणि नट-बोल्टांची पत्राने. नीलांबरीनेही तिकडे हाच कायदा लावल्याचं कळतं. दोघींनी हे फोनवरच ठरवलं आणि तो फोन चांगला लांबला, पण त्याबद्दल आपण बोलायचं नाही.

एवढ्यावर भागलं नाही. काल जेवताना तिने मला आरोपपत्र ऐकवलं. तुझंही नाव त्यात असल्यामुळे कळवतो. आरोप असा, की दोन पन्नाशीचे पुरुष, एक पेशंटला भूल देणारा आणि एक दुकानात गोळ्या मोजणारा, दोघांनी जन्मात सायकलचं पंक्चर काढलेलं नाही. त्यांनी कांदेवाल्या मगनभाईंच्या शेतावरून १९५१ सालची बेडफर्ड पिकअप उचलून आणली, जिच्यात तेव्हा कोंबड्या राहत होत्या. काय बिघडलंय ते बघायला म्हणून इंजिन बाहेर काढलं. मग एकाला वेलिंग्टनकडच्या हॉस्पिटलात नोकरी लागली, आणि पोरिरुआला जाताना तो सोफ्याबरोबर इंजिनही घेऊन गेला, कारण म्हणे पुकेकोहेच्या दमट हवेत ते गंजेल. तेव्हापासून बिनइंजिनाची गाडी हिच्या गॅरेजमध्ये कोरडी उभी आहे आणि हिची स्वतःची गाडी बाहेर पावसात भिजते.

मी म्हटलं, सगळं खरं आहे, फक्त कोंबड्या तीनच होत्या. त्याचा उपयोग झाला नाही.

निकाल ऐक. येत्या दसऱ्याला बेडफर्ड स्वतःच्या इंजिनावर गॅरेजबाहेर आली पाहिजे. नाही आली, तर वायुकूच्या ब्रायनला देऊन टाकायची. ब्रायन म्हणजे जुन्या गाड्यांच्या क्लबातला तो उंच म्हातारा. ब्लडप्रेशरच्या गोळ्या न्यायला येतो आणि दर वेळी गॅरेजमध्ये डोकावून उसासे टाकून जातो. दसरा म्हणजे ऑक्टोबरअखेरच्या सोमवारच्या सुट्टीचा लेबर वीकेंड, हे तुला माहीत आहेच. आमच्याकडे सगळे सण श्यामलाच्या ड्यूटीच्या रोस्टरप्रमाणे येतात.

तेव्हा कामाला लाग. इंजिनाची प्रकृती सविस्तर कळव.

तुझा,
अर्ध्या गाडीचा मालक,
राजाराम


पोरिरुआ
२३ जून १९९६

राजा,

फतवा पोचला. अंमलबजावणी कडक आहे. परवा तुझा फोन आला होता तेव्हा मी नुसतं "गॅस्केट" म्हणालो, तर नीलांबरीने माझ्या हातातून रिसीव्हर काढून घेतला.

इंजिन सध्या दिवाणखान्यात आहे. गॅरेजमध्ये ठेवलं होतं, पण इथला वारा एका फटीतून आत येतो आणि दुसऱ्या फटीतून माझे स्पॅनर घेऊन जातो. शेजारच्या टेरीने त्याला चाकं लावलेला लोखंडी स्टँड बनवून दिलाय, त्यामुळे इंजिन आता घरात हिंडू-फिरू शकतं. टेरी फार हुन्नरी माणूस. वर नीलांबरीने जुनी गोधडी पांघरलीय. कोणी आलं की आधी गोधडीकडे बघतं, मग आम्ही घरात आजारी कोण आहे ते सांगतो.

प्रकृती विचारलीस. बरी म्हणता येणार नाही. तिसऱ्या सिलिंडरमधून खोकल्यासारखा आवाज येतो. कधी येतो, कधी येत नाही, आणि मी ऐकायला बसलो की हमखास येत नाही. असल्या आजाराला वेळ द्यावा लागतो. मी तर म्हणतो, तूही गाडीच्या केबिनची घाई करू नकोस. घाईत केलेल्या पुट्टीला नंतर पोपडे येतात.

टेरी मला रविवारी लॉन बोल्स खेळायला नेतो. पांढरे कपडे घालून हिरवळीवर चेंडू घरंगळत सोडायचे. वाटतं तितकं वाईट नाही.

श्रुतीला आशीर्वाद. ती अजून मराठीत विचारलेल्याला इंग्रजीत उत्तर देते का?

जगदीश


पुकेकोहे
१४ जुलै १९९६

प्रिय जगदीश,

टेरीने स्टँड करून दिला हे वाचून फार आनंद झाला. आपण दोघांनी ते इंजिन दोन वर्षं विटांवर ठेवलं, आपल्याला चाकं सुचली नाहीत. टेरी हुशारच असणार. लॉन बोल्सही छान. तब्येतीला चांगलं.

केबिनचं म्हणशील तर काम चालू आहे. डावीकडचं दार लागतं, पण मनापासून लागत नाही. पायाखालचा पत्रा नवा बसवला होता, त्याला परत गंज धरल्यासारखा वाटतो. मागचा फाळका उघडतो तेव्हा बंद होत नाही आणि बंद असतो तेव्हा उघडत नाही. थोडक्यात, पुष्कळ बाकी आहे.

बोल्ट मात्र व्यवस्थित आहेत. प्रत्येक बोल्ट गोळ्यांच्या रिकाम्या बाटलीत घालून दुकानातल्या मशीनवर लेबल काढलंय. मशीन डोस टाकल्याशिवाय लेबल छापत नाही, म्हणून सगळ्या फाळक्याच्या बोल्टांवर "दिवसातून दोनदा, जेवणानंतर" असं आलंय. श्यामलाची मैत्रीण गॅरेजमध्ये आली होती, तिने बाटल्यांच्या ओळी बघितल्या आणि मला हळूच विचारलं की घरी कोणाला काय झालंय.

तुझ्या तिसऱ्या सिलिंडरचं काय झालं ते सवडीने लिही. बोल्समधून सवड झाली की.

श्रुती तुला "kia ora, uncle" म्हणते. तिला मी विचारलं, गाडी कधी होईल असं वाटतं? ती म्हणाली, "Never, Baba." आणि पायातल्या रबरी जँडल चपला फटफटवत निघून गेली.

राजाराम


पोरिरुआ
२२ सप्टेंबर १९९६

राजा,

तुझी मधली दोन पत्रं मिळाली. उत्तर राहून गेलं त्याबद्दल रागावू नकोस. हॉस्पिटलात भूल देणारे आम्ही कमी आणि शुद्धीवर न राहू इच्छिणारे फार, अशी गत आहे.

गणपती झाले. इंजिन कुठे हलवायचं हा प्रश्न होता, कारण दिवाणखान्यात कोपरा एकच. शेवटी नीलांबरीने दोघांना शेजारी-शेजारी बसवलं. आरतीला इथली मराठी मंडळी आली. एक नवीन आलेली नर्स, बिचारी फार श्रद्धाळू, तिने गणपतीला हळदीकुंकू वाहिलं आणि मग गोधडीखालच्या इंजिनालाही वाहिलं. गौर असावी असं तिला वाटलं. नमस्कार करून तिने विचारलं, "काकू, विसर्जन दोघांचंही का?" नीलांबरी म्हणाली, माझं चाललं असतं तर आधी हिचंच.

आता मुद्द्याचं. खोकला थोडा कमी आहे, पण इंजिन पाठवायची पंचाईत आहे. येत्या आठवड्यात पितृपक्ष लागतो. पितृपक्षात असली नवी कामं करत नाहीत, तुला माहीतच आहे. त्यानंतर नवरात्र, आणि घट बसलेले असताना घरातली जड वस्तू हलवू नये असं ऐकतो. म्हणजे दसरा एकदम अंगावरच येतो. श्यामलावहिनींना विचारून बघ, पुढच्या वर्षीच्या दसऱ्यावर भागेल का.

जगदीश


पुकेकोहे
२९ सप्टेंबर १९९६

जगदीश,

तू आणि पितृपक्ष.

मिरजेच्या होस्टेलवर सर्वपित्री अमावास्येला स्टोव्हवर ऑम्लेट करून सगळ्या मजल्यावर वास सोडणारा तू. माझ्या लग्नात मुहूर्ताला उशीर झाला तेव्हा भटजींना घड्याळ दाखवून हुज्जत घालणारा तू. तुझ्या घरात पंचांग कधी आलं ते मला माहीत नाही. टेरीने आणून दिलं असेल.

थट्टा पुरे. मला कळायचं ते कळलं. तुला आता या गाडीत रस नाही. नवीन गाव आहे, नवीन मित्र आहेत, पांढरे कपडे घालून खेळायचा खेळ आहे. त्यात चूक काही नाही, पण मला सरळ सांगायचंस. तीन महिन्यांत एक पत्र, आणि त्यात पितृपक्ष.

मला वाईट वाटलं. इतकं सरळ लिहितोय, कारण फोनवर मला हे बोलता आलं नसतं. गावात मला सगळे ओळखतात. दुकानात येणारा प्रत्येक जण "हाय राज" म्हणतो, मी त्यांच्या गुडघ्यांची, शुगरची चौकशी करतो, ते माझ्या टोमॅटोंची करतात. पण एका वॉशरच्या जाडीवरून ज्याच्याशी अख्खी दुपार भांडता येईल असा माणूस एकच होता, आणि तो गेल्यापासून मी कोणाशी भांडलेलो नाही. श्यामलाशी होतं ते धरत नाही, तिथे मी फक्त ऐकतो.

ब्रायनला मी लेबर वीकेंडच्या सोमवारी ट्रेलर घेऊन यायला सांगितलंय. तू इंजिन पितृपक्ष संपल्यावर त्याच्याकडे परस्पर पाठव. पत्ता पाठीमागे लिहिलाय.

राजाराम


पुकेकोहे
३० सप्टेंबर १९९६

प्रिय नीलांबरी,

फोन करणार होते, पण आमचा फोन पॅसेजमध्ये आणि हे सध्या पॅसेजमध्येच फेऱ्या मारतात. म्हणून ड्यूटीवर ब्रेकमध्ये हे लिहितेय. जगदीशभाऊजींना दाखवू नकोस.

यांनी काल भाऊजींना रागाचं पत्र टाकलंय. मला न सांगता ब्रायनलाही बोलावलंय. म्हणजे निकाल माझा आणि अंमल यांनी केला. मी दसऱ्याची धमकी दिली ती दोघांनी कामाला लागावं म्हणून गं. मला खरंच ती गाडी विकायची असती तर इतकी वर्षं भिजले असते का?

आता तुला एक सांगते. केबिन तयार आहे. दारं, पत्रा, फाळका, हौदा, सगळं. मे महिन्यातच झालं. निळा रंगसुद्धा देऊन झालाय आणि दर रविवारी मेणाने पुसतात. मला वाटलं होतं की झाल्याचं कळवतील, तर पत्रात लिहितात दार लागत नाही. मी स्वतः लावून बघितलं, बँकेच्या तिजोरीसारखं लागतं.

दुकान बंद करून आले की चहाचा कप घेऊन त्या केबिनमध्ये जाऊन बसतात. स्टीअरिंग धरून. भाऊजींची पत्रं तिथेच वाचतात. परवा मी बिस्किटं द्यायला गेले आणि सहज शेजारच्या सीटवर बसायला लागले, तर म्हणाले, "तिकडे नको, तिकडे जगदीश बसतो." मला हसू आलं, बिस्किटं त्यांच्या हातात ठेवून मी परत आले.

आणि भाऊजींचा पितृपक्ष. हे त्यावर चिडले, पण मला संशय आला. चतुर्थीच्या दिवशी आमच्याकडे येऊन फ्रिजमधली अंडी शोधणारा माणूस तिथी बघायला लागला, म्हणजे त्याला दुसरं कारण सापडत नाहीये. खरं सांग, इंजिनाला खरंच काही झालंय का?

तुझी,
श्यामला


पोरिरुआ
५ ऑक्टोबर १९९६

प्रिय श्यामला,

तुझं पत्र वाचून मी किचनमध्ये एकटीच हसत बसले.

इंजिन ठणठणीत आहे. एप्रिलपासून. दर शनिवारी सकाळी जगदीश ते ढकलत अंगणात नेतो, पाण्याचा पाइप लावतो आणि सुरू करतो. पहिल्याच झटक्याला सुरू होतं. अख्ख्या गल्लीला ऐकू जातं. कोपऱ्यावरची डेअरीवाली बाई त्यावर घड्याळ लावते. खोकला वगैरे काही नाही, तो त्याने पत्रात घातला.

राजारामभाऊजींचं पत्र आलं ते त्याने हॉस्पिटलात नेलं, परत आणलं, आणि दोन दिवस जेवला नाही. म्हणजे जेवला, पण काही बोलला नाही, आणि जगदीशच्या बाबतीत ते जास्त काळजीचं. मग मी तुझ्या पत्राचं न सांगता सरळ विचारलं, की इंजिन झालंय तर पाठवत का नाहीस. बराच वेळ गोधडीच्या घड्या घालत राहिला. मग म्हणाला, "नीला, एकदा गाडी झाली की राजाला माझं काय काम उरलं?"

अशी ही दोन बाळं. एक दार बिघडवतो, दुसरा सिलिंडर. आणि तो टेरी, ज्याच्यावर भाऊजींचा राग आहे, तो वर्षभर बेडफर्डच्या गोष्टी ऐकून इतका कंटाळलाय की त्याने आपणहून ट्रेलर देऊ केलाय. म्हणाला, "Just take it to your mate, eh."

लेबर वीकेंडच्या शुक्रवारी आम्ही इंजिन घेऊन निघतोय. मी जगदीशला केबिन तयार असल्याचं सांगितलेलं नाही, तूही इकडचं सांगू नकोस. येऊ दे समोरासमोर. ब्रायन सोमवारी येणार ना, म्हणजे शनिवार आणि रविवार हातात आहेत. बोल्ट गोळ्यांच्या बाटल्यांत आहेत म्हणतात, तेवढ्या हाताशी काढून ठेव. पुरणाची तयारी मी इथून करून आणते.

नीलांबरी


पोरिरुआ
३ नोव्हेंबर १९९६

राजा,

सुखरूप पोचलो. रिकाम्या ट्रेलरचा आवाज फार होतो, हे जाताना लक्षात आलं नव्हतं.

दिवाणखान्याचा कोपरा मोकळा झाला. नीलांबरीने तिथे कुंडी ठेवलीय. मी सवयीने तिला वळसा घालून जातो.

त्या शनिवारचं मला लिहून ठेवू दे, कारण समोर असताना आपण दोघंही काही बोललो नाही. मी गॅरेजचं शटर वर केलं तर तू केबिनमध्ये चहा पीत बसलेला. गाडी निळीशार. तू म्हणालास, "आलास?" मी म्हणालो, "आलो." मग मी डावं दार उघडलं, आत बसलो आणि लावलं, आणि ते इतकं छान लागलं की आपल्या दोघांनाही मान वर करवेना. मग तू बाहेर येऊन इंजिनाची गोधडी काढलीस, आणि तिसऱ्या सिलिंडरकडे बघत म्हणालास, "खोकला बरा दिसतोय." श्यामलावहिनी आणि नीला मागे उभ्या राहून खिदळत होत्या, ते मी अजून विसरलेलो नाही.

इंजिन बसवताना वॉशरवरून भांडलो ते मात्र मनापासून झालं. माझंच बरोबर होतं.

रविवारी चाकाखाली लिंबू ठेवून आपण गॅरेजबाहेर आलो, आणि आपट्याऐवजी फिजोआची पानं एकमेकांना देऊन सोनं म्हणालो. मग पुकेकोहेच्या टेकडीवर चढताना तू दुसऱ्या गिअरमध्ये गाणं म्हणत होतास. वर पोचल्यावर कांद्याची शेतं खाली पसरलेली. मला फार बरं वाटलं, राजा. असं मला बरेच दिवस वाटलं नव्हतं.

ब्रायनचं वाईट वाटलं. एवढा ट्रेलर घेऊन आला बिचारा. पण चालती गाडी बघून स्वतःच म्हणाला की ही विकलीत तर तुम्ही वेडे, आणि चार पुरणपोळ्या खाऊन गेला. त्याच्या ब्लडप्रेशरकडे लक्ष ठेव.

गाडी कशी आहे? सकाळी सुरू व्हायला त्रास देते का? नसेल देत, पण कळव.

जगदीश


पुकेकोहे
१० नोव्हेंबर १९९६

प्रिय जगदीश,

टेरीला माझा नमस्कार सांग. चांगला माणूस आहे. मी आधी जे काही लिहिलं असेल ते त्याला सांगू नकोस.

वॉशर माझाच बरोबर होता.

श्यामलाने फोनबंदी उठवलीय. गाडी झाली, आता बोला काय बोलायचं ते, म्हणाली. तरी मी पत्रच लिहितोय, कारण हे फोनवर बोलण्यासारखं नाही आणि पॅसेजमध्ये ती असते.

गाडी सुरू होत नाही. तुम्ही सोमवारी दुपारी निघालात. मंगळवारी मी दुकानातून आलो, किल्ली फिरवली, काही नाही. बॅटरी बघितली, वायरी बघितल्या, पेट्रोल बघितलं. शेवटी डिस्ट्रिब्युटरचं झाकण काढलं, तर सिलिंडरांना ठिणगी वाटून देणारा आतला रोटर जागेवर नव्हता. बोटाएवढी वस्तू, शर्टाच्या खिशात सहज मावेल. पडेल अशी ती नाही, कोणीतरी झाकण उघडून काढल्याशिवाय बाहेर येत नाही. तुम्ही निघायच्या आधी तू "एकदा शेवटचं तेल बघून येतो" म्हणून एकटाच गॅरेजमध्ये गेला होतास.

मी पापाकुराला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. त्या माणसाने फळीवरून लगेच डबी काढली. नवा, कोरा, अगदी तोच रोटर. मी हातात घेऊन बघितला आणि परत दिला.

घरी येऊन श्यामलाला सांगितलं की असला रोटर अख्ख्या न्यूझीलंडमध्ये कुठे मिळत नाही. तिने बाहेर जाऊन स्वतःच्या गाडीवर ताडपत्री घातली आणि म्हणाली, "मिळत नसेल तर राहू दे."

तेव्हा तुला कुठे तसला एखादा दिसला, तर ख्रिसमसला येताना घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस, हरवतो.

राजाराम